परवलीचा शब्द आणि तिकिटाची खिडकी

धारवाडचे कर्नाटक कॉलेज ज्या विस्तीर्ण इमारतीत भरते, ती इमारत मुळात विद्यार्थ्यांसाठी उभारलेली नव्हे. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचे ते मुख्य कार्यालय होते. १९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या, कारभार मद्रासकडे गेला, आणि १९१७ साली स्थापन झालेल्या कॉलेजला पुढे ही वास्तू मिळाली. हुबळीचा रेल्वे कारखाना मात्र तेथेच राहिला. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या या कारखान्याच्या भोंग्यावर हुबळीच्या कित्येक पिढ्यांनी आपली घड्याळे लावली. जुळ्या शहरांचा रेल्वेशी संबंध जुना आहे तो असा; आणि हा संबंध केवळ इंजिनांचा आणि रुळांचा नाही, तो हिशेबाचाही आहे.

रेल्वे कंपनीच्या मुख्य कार्यालयात बसणाऱ्या साहेबांपुढे रोजचा प्रश्न कोणता असेल? गाड्या वेळेवर धावतात की नाही, हा एक प्रश्न खराच. परंतु त्याहून चिवट प्रश्न दुसराच होता. शेकडो मैलांच्या मार्गावर विखुरलेल्या स्टेशनांत शेकडो कारकून कंपनीच्या नावाने पैसे घेत होते. त्यांतील प्रत्येकाने किती तिकिटे विकली, हे धारवाडात बसून कसे कळावे? विकणाऱ्याचा शब्द हाच पुरावा मानला, तर कंपनी चालणार कशी?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडात त्यापूर्वीच निघाले होते. न्यूकॅसल आणि कार्लाइल यांच्या दरम्यानच्या रेल्वेवर थॉमस एडमंडसन नावाचा एक स्टेशनमास्तर होता. त्या काळी तिकीट म्हणजे हाताने लिहून दिलेली चिठ्ठी असे. १८३६-३७ च्या सुमारास एडमंडसनने जाड पुठ्ठ्याची, अनुक्रमांक छापलेली छोटी तिकिटे काढली आणि त्यांवर तारीख उठविण्याचे एक लहानसे यंत्र तयार केले. सकाळी गठ्ठ्यातील वरच्या तिकिटाचा क्रमांक लिहून ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा पाहायचा. दोहोंतील फरकाइतकी तिकिटे विकली गेली, आणि तितकी रोकड पेटीत असलीच पाहिजे. भारतात ही पुठ्ठ्याची तिकिटे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. प्रवाशाला ते तिकीट म्हणजे गाडीत बसण्याचा हक्क वाटे, आणि तसा तो होताही; परंतु कंपनीच्या दृष्टीने तिकिटाचे मोठे काम प्रवाशाची ओळख पटविणे हे नव्हते. खिडकीमागच्या माणसाला जबाबदार धरणे, हे होते.

दूर कोठेतरी एक भांडार आहे. त्यात पैसे असतील, धान्य असेल, नाहीतर नुसत्या नोंदी असतील. त्या भांडाराकडे काही मागणारा माणूस आहे. आणि या दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ आहे. भांडाराने विश्वास ठेवायचा कोणावर? मागणाऱ्यावर, की मध्यस्थावर? आज मोठमोठ्या कंपन्यांची आणि सरकारी खात्यांची गणकयंत्रे जी गुंतागुंत सोडवीत बसलेली असतात, ती हीच होय.

ती हुबळीच्या पेठेला नवी वाटण्याचे कारण नाही. हुबळी ही कापसाची जुनी उतारपेठ. अशा पेठांतून हुंडीचा व्यवहार चाले, आणि हुंडीचे प्रकार पाहिले तर आपल्या व्यापाऱ्यांनी या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला होता ते दिसून येते. धनीजोग हुंडीचे पैसे ज्याची ती हुंडी त्याला द्यायचे. नामजोग हुंडीचे पैसे जिच्यात नाव असेल त्याच व्यक्तीला मिळायचे. शाहजोग हुंडीची रीत अधिक मनोरंजक होती. तिचे पैसे कोणाही आगंतुकाला मिळत नसत. ते मिळत बाजारातील एखाद्या प्रतिष्ठित शाहाला, म्हणजे ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे अशा व्यापाऱ्याला. आगंतुकाने शाहाकडे जावे, शाहाने त्याची खात्री करून घ्यावी, आणि मग शाहाने आपल्या पेढीच्या नावाने पैसे उचलावेत. हुंडी पुढे बनावट निघाली, तर रक्कम भरून देण्याची जबाबदारी शाहाची. सोय आगंतुकाची झाली, पण जोखीम ज्याला नाव आहे त्याच्या माथी राहिली. ही शाहजोग हुंडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचे काम पुढे पडणार आहे.

भारतीय रेल्वेत गणकयंत्रे आली ती १९६० नंतरच्या दशकात. आयबीएम कंपनीची १४०१ या क्रमांकाची यंत्रे विभागीय रेल्वेंच्या मुख्यालयांत, उत्पादन कारखान्यांत आणि रेल्वे बोर्डाच्या कार्यालयात बसविण्यात आली. पगारपत्रके, उत्पन्नाचा हिशेब, वाहतुकीची आकडेवारी अशी कामे त्यांच्याकडे होती. भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे यंत्रात घालावेत आणि छापलेले कागद बाहेर घ्यावेत, असा एकंदर प्रकार. तेथे परवलीचा शब्द विचारण्याचा प्रश्नच नव्हता. थंड हवेच्या त्या खोलीचे दार हेच कुलूप होते. ज्याला खोलीत प्रवेश, त्याला यंत्रात प्रवेश.

कुलूप दारावरून यंत्राच्या आत गेले ते अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकच मोठे यंत्र अनेक माणसांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. प्रत्येकाच्या टेबलावर टंकलेखनासारखे एक यंत्र, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला तो एकच महागणक. मग प्रत्येकाचे कागद निराळे ठेवावे लागले, प्रत्येकाला आठवड्याचा वेळ वाटून द्यावा लागला, आणि तारेवरून बोलणारा नेमका कोण हे यंत्राला दिसत नसल्यामुळे त्याला एक गुप्त शब्द विचारावा लागला. गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याने परवल विचारावी, तसाच हा प्रकार.

या पहिल्या परवलीची पुढची हकीकत मोठी उद्बोधक आहे. अॅलन शेर नावाच्या एका संशोधकाला वाटून दिलेला वेळ पुरेना. १९६२ साली त्याने सर्वांचे गुप्त शब्द ज्या यादीत होते ती यादीच छापून देण्याची विनंती एका कार्डावर यंत्राला केली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली! पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच याची कबुली दिली. १९६६ मध्ये तर याहून कडी झाली. यंत्राची देखभाल करणारे दोघेजण एकाच वेळी काम करीत होते. एकजण परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता आणि दुसरा सर्वांना दाखवावयाचा स्वागताचा मजकूर. यंत्राने दोघांच्या तात्पुरत्या कागदाला एकच नाव दिले, कागदांची अदलाबदल झाली, आणि जो जो यंत्रापाशी आला त्याला स्वागतपर मजकुराऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी वाचावयास मिळाली. चोर बाहेरून आला नव्हता. किल्ल्यांचा जुडगाच दारावर टांगला गेला होता.

यावर तोड काढली केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी, आणि तिची नोंद मॉरिस विल्क्स यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. परवलीचा शब्द आहे तसा जपून ठेवूच नये. तो दळावा आणि पीठ तेवढे ठेवावे. पिठावरून दाणे परत जुळविता येत नाहीत. पण तेच दाणे पुन्हा दळले तर तेच पीठ पडते. माणसाने शब्द सांगितला की तो दळून पाहावयाचा आणि पिठाशी पीठ ताडून पाहावयाचे. यादी चोरीस गेली तरी चोराच्या हाती पीठच लागेल. दळण्याच्या रीती तेव्हापासून पुष्कळ सुधारल्या, परंतु कल्पना तीच आहे.

त्याच सुमारास हवाई वाहतुकीच्या धंद्यात दुसरे एक कोडे सुटत होते. १९५३ साली एका विमानप्रवासात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख आणि आयबीएमचा एक विक्रेता योगायोगाने शेजारी बसले. दोघांचेही आडनाव स्मिथ. त्या गप्पांतून आरक्षणाची जी योजना निघाली ती म्हणजे सेबर. १९६० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन महागणक बसवून तिचा आरंभ झाला आणि १९६४ पर्यंत ती पूर्ण झाली. देशभरच्या कचेऱ्या दूरध्वनीच्या तारांनी एका भांडाराला जोडल्या गेल्या. एकच जागा शिल्लक आहे आणि दोन शहरांतील दोन विक्रेते ती एकाच क्षणी मागत आहेत, अशा वेळी भांडाराने ती एकालाच द्यावी आणि दुसऱ्याला स्पष्ट नकार द्यावा, ही शिस्त येथे रुजली. पुढे आयबीएमच्या मेनफ्रेम यंत्रांसाठी नोंदींची भांडारे आणि देवघेव सांभाळणारी व्यवस्था तयार झाली. १९७६ मध्ये त्या कंपनीने रॅकएफ नावाचा एक पहारेकरी दिला. तोपर्यंत प्रत्येक कार्यक्रम आपापली यादी आणि आपापले कुलूप ठेवी. आता सबंध यंत्राला एकच देवडी झाली. कोण आला, कोणत्या कागदाला हात लावू पाहतो आणि तेवढा अधिकार त्याला आहे काय, हे तिन्ही प्रश्न तेथेच विचारले जाऊ लागले, आणि प्रत्येक नकाराची नोंदही होऊ लागली.

हिंदुस्थानात या काळात प्रवाशाला आरक्षण मिळे ते जाडजूड वह्यांतून. प्रत्येक गाडीची, प्रत्येक दिवसाची वही वेगळी, आणि ती ज्या खिडकीमागे असेल त्याच खिडकीपुढे रांग धरावी लागे. परतीच्या प्रवासाची जागा हवी असेल तर तार करावी लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. हुबळीहून मुंबईला लग्नासाठी निघालेल्या कुटुंबाला जाताना जागा मिळाली तरी येतानाची खात्री नसे. वहीचे पान कारकुनाच्या ताब्यात, आणि रिकामी ओळ आहे की नाही हे त्याखेरीज कोणालाही दिसत नसे. दलालांचे फावले ते याच अंधारात.

१९७८ मध्ये आयबीएमने भारतातील आपला कारभार आवरला. तिच्या यंत्रांची निगा राखण्याचे काम ज्या सरकारी कंपनीकडे आले, ती कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन पुढे केवळ दुरुस्तीवर थांबली नाही. तिने रेल्वेच्या सहकार्याने आरक्षणाची इंप्रेस नावाची पद्धती तयार केली आणि १९८५ मध्ये दिल्लीत तिचा प्रयोग सुरू झाला. यासाठी वापरलेली यंत्रे डिजिटल इक्विपमेंट कंपनीची व्हॅक्स जातीची होती. त्यांना मेनफ्रेम म्हणावे की नाही, यावर जाणकार वाद घालतील. पण हजारो खिडक्यांना पुरून उरणारे एक मध्यवर्ती भांडार, या अर्थी तिकिटाच्या रांगेतील माणसाला तो वाद निरर्थक आहे. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. दिल्लीपाठोपाठ मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली.

खिडकीवरच्या कारकुनाच्या आयुष्यात यामुळे जो फरक पडला, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी वही त्याची होती; आता तो यंत्राचा झाला. सकाळी बसताना त्याने आपले नाव आणि परवलीचा शब्द टाईप करावयाचा, आणि त्यानंतर त्या पडद्यावरून निघालेले प्रत्येक तिकीट, प्रत्येक रद्द केलेली जागा, परत दिलेला प्रत्येक रुपया त्याच्या नावावर लिहिला जावयाचा. चहाला उठताना नाव काढून घेण्याचे विसरले आणि शेजाऱ्याने त्या जागी बसून दोन तिकिटे काढली, तर त्या तिकिटांचा जाब याला द्यावा लागणार. परवलीचा शब्द ही त्याच्या दृष्टीने सोय नव्हती, ती जामीनकी होती. परंतु हेही खरे की, ज्याने काही केले नाही त्याला निर्दोष ठरविणारा पुरावाही तीच नोंद देत असे. एडमंडसनचा अनुक्रमांक आता पुठ्ठ्यावरून माणसावर आला होता.

पाच केंद्रे झाली, पण ती एकमेकांशी बोलत नव्हती. ती बोलकी करण्याचे काम १९८६ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेच्या स्वतःच्या संस्थेने, सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्सने केले. तिची कॉन्सर्ट नावाची नवी पद्धती १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादेस लागू झाली. सिकंदराबाद हे दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय, आणि १९६६ पासून हुबळी विभाग त्याच रेल्वेत होता. १९९९ च्या एप्रिलपर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली. प्रवाशाच्या तिकिटावर दहा अंकांचा जो क्रमांक असतो, त्याच्या आरंभीच्या अंकांवरून ते आरक्षण कोणत्या केंद्राच्या भांडारात आहे ते ओळखता येते. आठ किंवा नऊने आरंभ होत असेल तर मुंबई. एका शहरातील कारकून दुसऱ्या केंद्राच्या गाडीची जागा मागतो, तेव्हा ते दुसरे केंद्र त्या कारकुनाला कोठून ओळखणार? ते ओळखते पहिल्या केंद्राला. कारकुनाची खात्री त्याच्या केंद्राने करावयाची आणि आपल्या नावावर मागणी पुढे पाठवावयाची. पेठेतला शाह येथे पुन्हा उभा राहिला.

२००३ साली १ एप्रिलला नैऋत्य रेल्वे हा नवा विभाग झाला. मुख्यालय बंगळूरला असावे की हुबळीला यावर बराच वाद होऊन ते हुबळीला आले, आणि धारवाडातून शतकभरापूर्वी गेलेले रेल्वेचे मुख्य कार्यालय असे जुळ्या शहरांत परतले. तोपर्यंत खिडकीच बदलू लागली होती. २००२ च्या ऑगस्टमध्ये रेल्वेच्या पर्यटन महामंडळाने इंटरनेटवरून तिकिटे देण्यास आरंभ केला. आता मागणी करणारा घरात बसलेला, आणि मध्यस्थ म्हणजे माणूस नसून एक कार्यक्रम, ज्याला आज सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात.

या ठिकाणी जरा थांबावयास हवे. कारण ही अडचण एकट्या रेल्वेची नव्हे. कारखान्यांचे हिशेब, मालाची कोठारे आणि पगार सांभाळणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरपुढे ती दहा वर्षे आधीच उभी राहिली होती. सॅप या जर्मन कंपनीची १९७९ ची पद्धती सबंध मेनफ्रेमवरच चाले. १९९२ मध्ये तिने जी नवी पद्धती आणली तिचे तीन मजले केले: टेबलावरचा पडदा, मधला कार्यक्रम आणि तळचे भांडार. पुष्कळ ठिकाणी तळाला जुना मेनफ्रेमच राहिला. माणूस आपली ओळख मधल्या मजल्यावर पटवी. आणि मधला मजला भांडारात शिरे तो स्वतःच्या एका ठरावीक नावाने. दर मागणीसाठी नवी वाट उघडणे वेळखाऊ, म्हणून थोड्या वाटा कायमच्या उघड्या ठेवावयाच्या आणि हजारो माणसांच्या मागण्या त्यांतूनच पाठवावयाच्या, असा रिवाज पडला. कामाच्या दृष्टीने तो सोयीचा होता यात शंका नाही.

परंतु भांडाराच्या पहारेकऱ्याच्या नोंदवहीत काय दिसू लागले? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच नाव. पगारपत्रक पाहणारा मुनीम, ते बदलणारा अधिकारी आणि ते चोरणारा भामटा, तिघेही तळाच्या वहीत एकाच नावाने नोंदले गेले. शिवाय त्या एका नावाला सर्वच दारे उघडी ठेवावी लागली, कारण कोणाला कोणते दार लागेल ते आधी सांगता येत नाही. आणि त्या नावाचा परवलीचा शब्द यंत्राला स्वतःला लागतो, यंत्र काही तो मनात ठेवीत नाही. म्हणून तो कोठेतरी लिहून ठेवावा लागला, आणि कित्येकदा तो साध्या अक्षरांत, ज्याला त्या यंत्रात डोकावता येईल त्याला वाचता येईल असा राहिला. तीस वर्षांत मिळविलेले शहाणपण असे एका सोयीपायी बाजूला पडले.

यावर जे उपाय निघाले, त्यांतील एकाचे नावच तिकीट आहे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून कर्बेरॉस नावाची पद्धती आली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसणारा तीन तोंडांचा कुत्रा, त्याचे हे नाव. तिचा पाया नीडहॅम आणि श्रोडर यांच्या १९७८ च्या लेखात आहे. हिच्यात परवलीचा शब्द तारेवरून जातच नाही. माणसाने एका विश्वासू खिडकीपाशी आपली ओळख पटवावयाची; त्या खिडकीने त्याला एक मोहोरबंद तिकीट द्यावयाचे, ज्यात त्याचे नाव आणि वेळ लिहिलेली असते आणि जे ठरावीक अवधीपुरतेच चालते. मोहोर फोडण्याची किल्ली फक्त त्या खिडकीपाशी आणि भांडारापाशी. माणूस किंवा मधला कार्यक्रम ते तिकीट पुढे नेतो, पण त्यातले अक्षर बदलू शकत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर रॅकएफने याच जातीचे पासतिकीट आणले: माणसाचे नाव, त्याला हवे असलेले काम, घड्याळातील वेळ आणि दोन यंत्रांमधील एक गुप्त किल्ली यांच्यापासून बनलेला शब्द, साधारण दहा मिनिटे चालणारा आणि एकदाच वापरता येणारा. चोराने तो ऐकला तरी शिळाच. एडमंडसनने तारखेचा जो ठसा उठविला होता, त्याचेच हे रूप म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा उपाय शाहजोग हुंडीच्या जातीचा. २००७ साली आयबीएमच्या डीबी-२ या भांडाराच्या मेनफ्रेमवरील नवव्या आवृत्तीत अशी सोय आली की, भांडाराने एखाद्या मधल्या यंत्राला त्याच्या पत्त्यासह आधी पारखून ठेवावे. त्याच पत्त्यावरून, त्याच नावाने वाट उघडली गेली, तरच त्याचा शब्द मानावा. मग त्या उघड्या वाटेवरूनच मधल्या यंत्राने दर वेळी सांगावे की, आता हे अमक्याचे काम आहे, आता तमक्याचे. भांडार त्या खऱ्या माणसाचे अधिकार पाहते आणि नोंद त्याच्याच नावावर करते. वाटा थोड्याच राहिल्या, पण नोंदवहीत माणसे पुन्हा दिसू लागली. एका गोष्टीत मात्र पेठेतला जुना शाह वरचढ ठरतो. हुंडी खोटी निघाली तर तो पदरचे पैसे भरीत असे. यंत्र काय भरणार?

घरातून तिकीट काढणाऱ्या प्रवाशाची ओळख पटविण्याचा प्रश्न मात्र या उपायांनी सुटत नव्हता. खिडकीवर निदान माणूस समोर उभा असे. इंटरनेटवर एक भामटा शंभर नावांची शंभर खाती उघडू शकतो आणि तत्काळ तिकिटांची वेळ होताच यंत्राकडूनच यंत्राला मागण्या घालू शकतो. १९९७ मध्ये सुरू झालेली तत्काळ योजना अडलेल्या माणसासाठी होती: कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाला मुलाखतीचे बोलावणे आले. २०१४ च्या एप्रिलमध्ये रेल्वेने अधिक बलवान पद्धती आणली आणि मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता सात हजार दोनशेवर नेली. क्षमता वाढली ती अडलेल्यासाठी आणि भामट्यासाठी सारखीच.

येथे धारवाडचे नाव पुन्हा येते. आपल्या शिक्षणाची काही वर्षे धारवाडात काढलेले आणि पुढे इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक झालेले नंदन निलेकणी २००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी आधारचा पहिला क्रमांक एका महिलेला देण्यात आला. आधारच्या रचनेत मध्यस्थाचा विचार आरंभापासूनच केलेला दिसतो. बँक असो वा रेशन दुकान, कोणालाही मध्यवर्ती भांडारात थेट हात घालता येत नाही. मागणी नोंदणीकृत संस्थेने करावयाची, ती परवाना असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या खास तारेवरून जावयाची, आणि बोटाचा ठसा यंत्रावर घेतला त्याच ठिकाणी तो कुलूपबंद व्हावयाचा, जेणेकरून मधल्या कोणालाही तो उघडता येऊ नये. ओळख पडताळण्याच्या साध्या मागणीला भांडार उत्तर देते ते एका शब्दाचे: होय किंवा नाही.

या एका शब्दाचे वजन किती, ते मात्र शहरातल्या माणसाला लवकर कळत नाही. शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. अशा माणसाचे बोट यंत्राने नाकारले तर तो खोटा ठरत नाही, परंतु दुकानातून रिकाम्या हाताने मात्र परततो. परवलीचा शब्द विसरला तर नवा देता येतो. नवे बोट कोठून आणावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा कायदा बहुतांशी ग्राह्य धरला, तथापि करारापोटी खाजगी संस्थांना तो वापरू देणारी तरतूद रद्द केली. ओळख पटविण्याचे साधन जितके समर्थ, तितका ते कोणाच्या हाती द्यावे याचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो, हे न्यायालयासमोरील वादात दोन्ही बाजूंना नाकारता आले नाही.

२०२५ मध्ये ही दोन भांडारे एका दारावर भेटली. १ जुलैपासून महामंडळाच्या संकेतस्थळावर तत्काळ तिकीट काढावयाचे तर खाते आधारने पडताळलेले असले पाहिजे, असा नियम झाला. १५ जुलैपासून मोबाइलवर येणारा एकदाच चालणारा आकडाही सांगावा लागू लागला. तत्काळची वेळ सुरू झाल्यावर पहिली तीस मिनिटे अधिकृत दलालांना तिकिटे काढण्यास बंदी करण्यात आली. ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाच्या पहिल्या पंधरा मिनिटांनाही आधारची अट लागू झाली. त्याच वर्षी सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचे रेल्वेने सांगितले. ज्यांच्यापाशी स्मार्टफोन नाही, किंवा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बदललेला आहे, अशा वृद्धांना ही नवी देवडी किती जड जाते, हे त्यांच्या नातवंडांना विचारावे.

हुबळी स्थानकावर १२ मार्च २०२३ रोजी १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन झाले, आणि तो पाहण्यास लोक मुद्दाम जातात. आरक्षणाच्या खिडक्यांकडे पाहण्यास कोणी मुद्दाम जात नाही. तेथे रांग अद्याप असते. अर्जाचा कागद, त्यावर नाव, वय, गाडीचा क्रमांक आणि खाली अर्जदाराची सही. खिडकी उघडण्यापूर्वी आतला कारकून प्रथम आपले नाव आणि परवलीचा शब्द टाईप करतो. पाळी संपली की कोऱ्या तिकिटांच्या गठ्ठ्याचा पहिला आणि शेवटचा क्रमांक ताडून पाहतो, रोकड मोजून देतो, आणि यंत्रावरून आपले नाव काढून घेऊन उठतो.